अकरा सेकंदांचं रीळ

८ जानेवारी

प्रिय दादा,

काल संध्याकाळी मी स्वतःला भिंतीवर पाहिलं. चेष्टा करत नाही.

दुधाची पिशवी घेऊन परतत होतो. चौकातल्या बँकेच्या बिनखिडकीच्या भिंतीवर दोन माणसं शिडीवर चढून कागदाच्या पट्ट्या चिकटवत होती. पहिल्या पट्टीत बूट आले, दुसरीत चिखलाने माखलेले गुडघे, मग हवेत आडवी झालेली पाठ आणि शेवटच्या पट्टीत चेहरा. चाळीस फूट लांब मी! खाली अक्षरं: ‘छापखान्याचे अकरा’. पिशवी हातातून सुटली. शेजारी एक बाई उभ्या होत्या. म्हणाल्या, “आजोबा, बरं वाटत नाहीये का?” मी म्हटलं, “बाई, तो मी आहे.” त्या म्हणाल्या, “हो हो, तुम्ही आधी सावलीत बसा.”

चेहरा माझा नाही, कुणा नटाचा आहे. माझ्याहून पुष्कळ देखणा. पण उडी माझी. आणि मागे जाळीच्या कोपऱ्यात त्यांनी माझी टोपीसुद्धा ठेवलीय, दादा! दोन वर्षांपूर्वी आमच्या कप्तानाची नात चार दुपारी येऊन प्रश्न विचारून गेली होती. कप्तान म्हणजे तो बाइंडर हो. प्रतिस्पर्ध्याला असा चिकटायचा की आम्ही त्याला सरेश म्हणायचो. मला वाटलं, पोरीला कॉलेजसाठी काही लिहायचं असेल. तिने अख्खा सिनेमा काढला.

पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहितो; लिहिताना ते पुन्हा घडतं. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीची ती दुपार. तुमचा गोदीचा संघ, आठ वर्षांत एकदाही न हरलेला. आमचे छापखान्याचे अकरा, शाईत बुडवून रंगवलेले सदरे घातलेले. घाम आला की शाई उतरायची. मध्यंतरापर्यंत आम्ही गळ्यापासून घोट्यापर्यंत निळे. सरेशच्या गुडघ्याला लागून एक चेंडू चुकून तुमच्या जाळीत गेला, आणि मग तासभर आम्ही नुसते मार खात उभे. दोन मिनिटं उरली असताना तुमच्या कप्तानाची, तोफेची, फ्री किक. तो धावत यायचा ते अगदी भुजंगप्रयातात. लगागा, लगागा, आणि लाथ. शाळेत गुरुजींनी बाकावर हात आपटून शिकवलेलं वृत्त त्या क्षणी माझ्या कानात वाजलं. मी तिसऱ्या लगागाची वाट पाहिली नाही. उडालो. चेंडू छातीशी.

त्या साखळी सामन्यांत पंच एकच बाहेरचा असायचा, आणि कडेचे दोन झेंडे दोन्ही संघांनी आपापला एकेक माणूस देऊन उभे करायचे. आमच्या गोलच्या रेषेवर गोदीकडून तुम्ही उभे होतात. तोफ ‘गोल होता, होताच!’ म्हणून ओरडत राहिला, पण त्याच्याच संघाचा झेंडा खाली होता. मग त्याचं कोण ऐकणार? सगळा गाव तेव्हापासून त्याला होताच म्हणतो. जिन्याखालच्या घड्याळांच्या दुकानात अजून बसतो तो. मी रचलेली ओळ आठवते ना?

चेंडू गेला कुठे रे तोफ्या?
गेला, गेला, गेला आत!
पंच विचारी, खूण दाखव;
तोफ्या दावी नुसते दात!

आणि टोपी! ऊन पाठीशी गेलं की मी ती काढून जाळीत ठेवायचो, उजव्या खांबाजवळ, रेषेपासून मोजून दोन वीत आत. वेड म्हणा, पण शिशाचा एक खिळा, म्हणजे एक अक्षर, हलला की अख्खी ओळ बिघडते अशा धंद्यातला मी माणूस. त्या दिवशी गर्दीत टोपी हरवली. तिसऱ्या दिवशी तुमची बहीण खिळेघराच्या दारात उभी. हातात माझी टोपी, धुतलेली, इस्त्री केलेली. “ही तुमची का?” पुढची सदतीस वर्षं त्या एका प्रश्नातून निघाली. तेही सिनेमात आहे म्हणतात.

पहिला खेळ ७ फेब्रुवारीला. या ना दादा. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला बोलता येत नाही. शेजारी बसून बघू.

तुमचा,
गोलकीपर


१५ जानेवारी

जावईबापू,

पत्र पोचलं. चाळीस फुटांचे झालात, आनंद आहे. घरात मावता ना अजून?

येणं जमणार नाही. गुडघा संपावर आहे. कालच जिन्यावर बसून राहिलो, वरही जाववेना, खालीही उतरवेना. सूनबाई म्हणाली, “बाबा, ठरवा एकदा.”

एक विचारतो. सगळं नटांनीच केलंय ना? की जुनं काही सापडलंय त्यांना, फोटो वगैरे? सहज विचारतो.

आणि ती तोफ्याची ओळ आता पुरे करा. पोरं म्हणायची तेव्हा गंमत होती. त्याचं वय काय, आपलं काय.

धाकटी असती तर तिने तुम्हाला त्या भिंतीसमोरून हाताला धरून घरी आणलं असतं. दूध वेळेवर तापवा.

दादा


२२ जानेवारी

प्रिय दादा,

तुम्ही विचारलंत आणि तेच घडलं! तुमच्या तोंडात साखर.

जुनं सापडलंय. फोटो नाही, रीळ! ते दातांचे डॉक्टर आठवतात, चावीचा कॅमेरा घेऊन मैदानाच्या कोपऱ्यात उभे राहायचे? त्यांच्या माळ्यावर पत्र्याच्या डब्यात निघालं. ओल लागून बाकीचं सगळं चिकटलं होतं. शाबूत निघाली ती फक्त अकरा सेकंदं. कुठली अकरा, ओळखा. माझी उडी! सरेशच्या नातीने ती सिनेमाच्या अगदी शेवटी जोडलीत, नावं सरकू लागली की. आधी कुणाला दाखवत नाही. म्हणते, “आजोबा, तुम्ही अंधारात बसूनच बघायचं.”

चार दिवस मला जेवण गोड लागत नाही. आपण स्वतःला आठवतो ते आतून. मी कसा दिसत होतो ते मला कधी दिसलंच नाही. आणि त्याहून मोठं सांगू? तुमची बहीण त्या दिवशी गोलमागच्या बाकावर बसली होती. म्हणजे तीही असेल त्यात. वीस वर्षांची. हलणारी. आमच्याकडे तिचे सगळे फोटो उभे राहून काढलेले, श्वास रोखून.

आता तुमची बातमी. सिनेमात तुम्हीही आहात, आणि काय आहात! तुमचं काम करणारा नट चांगला उंच आहे. गोदीचे लोक तुम्हाला घेरतात, तेव्हा तो म्हणतो, “माझा संघ हरला तरी चालेल, माझा झेंडा खोटं बोलणार नाही.” असं तुम्ही म्हणाला होतात? मला कधी सांगितलं नाहीत.

१४ मार्चला, शनिवारी, खास खेळ ठेवलाय. खेळानंतर गावच्या फुटबॉल क्लबातर्फे आपला दोघांचा मान. टोपी काचेच्या कपाटात ठेवणार आहेत. मी ती काढून पाहिली. अजून इस्त्रीची घडी आहे हो तिच्यावर.

गुडघ्याला समजावा.

तुमचा,
गोलकीपर


२७ जानेवारी

जावईबापू,

मी तसलं काही म्हणालो नव्हतो. त्या दिवशी मी तोंडातून एक अक्षर काढलं नव्हतं.

एक ऐका माझं. वयाने मोठा आहे म्हणून हुकूम समजा. सिनेमा जरूर बघा, पण नावं सरकू लागली की उठा आणि बाहेर या. ते रीळ बघू नका. धाकटीला अशी अचानक हलताना बघाल, जिवाला लागेल. डॉक्टरांनी तुम्हाला जिने चढू नका सांगितलंय, आणि हे तर जिन्याहून वाईट.

मानाला मी येणार नाही. माझं नाव कागदावरून काढायला सांगा. कारण विचारू नका, गुडघा लिहा.

दादा


९ फेब्रुवारी

दादा,

गोल होता.

कसं लिहू? अक्षर लागलं नाही तर दोनदा वाचा. गोल होता.

थिएटर भरलेलं होतं. नट चुकीचा उडतो, तोफेचं पाऊल पडायच्या आधीच. मी खुर्चीत बसून मनातल्या मनात लगागा मोजत होतो आणि हसत होतो. टोपी घेऊन ती नटी दारात येते तेव्हा बायका डोळे पुसत होत्या. तुमच्या वाक्याला तर शिट्ट्या पडल्या. मग नावं सरकू लागली. तुमचा हुकूम आठवला. खरंच अर्धा उठलो होतो. पण ती दिसणार होती ना. बसलो.

पडदा करडा झाला, थरथरला. उजेडाचे ठिपके. तोफ धावत येतो. माझ्या आठवणीतला तो राक्षस. आणि पडद्यावर बघतो तर काय, एक काटकुळा पोरगा, कान बाहेर आलेले. लगागा, लगागा. मी उडतो. चेंडू माझ्या छातीशी. इथवर सगळं माझं, जसं चव्वेचाळीस वर्षं सांगत आलो तसं. मग मी मागे पडतो. मागे, दादा. आत. चेंडू हातातून निसटून जमिनीवर आपटतो आणि मी त्याला पुन्हा कवटाळतो. आणि तो जिथे आपटतो तिथे खाली एक काळा डाग आहे.

लोकांना तो चिखल वाटला असेल. मैदानाकडेच्या पाण्याच्या टाकीच्या गळक्या तोटीने गोलच्या तोंडाशी कायम चिखल असायचाच. पण तो डाग चेंडूखाली चपटा झाला आणि चेंडू उचलल्यावर एका बाजूने वर आला. चिखल असं करत नाही. ती माझी टोपी होती. रेषेपासून दोन वीत आत. मोजून ठेवलेली. माझ्याच बोटांनी.

सगळे उठून टाळ्या वाजवत होते. मागचा माणूस माझ्या खांद्यावर थोपटत होता. मी बसूनच होतो.

मी कुणाला कधी सांगितलं नाही ते आज सांगतो. त्या क्षणी मी डोळे मिटले होते. उडालो तेव्हा मिटले ते लोकांनी खांद्यावर घेतल्यावरच उघडले. ‘चेंडूवरची नजर क्षणभर हलली नाही’ असं मी शाळा-शाळांतून सांगत फिरलो. मला ठाऊक नव्हतं, दादा. शपथेवर सांगतो, मला ठाऊक नव्हतं.

पण तुम्हाला होतं.

मी काल आणि आज मिळून आणखी तीन वेळा जाऊन आलो. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात तुम्ही उभे आहात. रेषा अगदी नाकासमोर. तुमची मान टोपीकडे वळलेली आहे. तुमचा झेंडा वर येतो. कोपरापर्यंत येतो. तिथे थांबतो. आणि खाली जातो. बाकी कुणी तिकडे बघतही नाही, सगळे मला बघत असतात. मी चारही वेळा मनातून तुमचा हात वर ढकलला. चारही वेळा तो खाली गेला.

का? माझी दया आली? की बहिणीसाठी? पण तेव्हा ती मला ओळखतही नव्हती. तुम्ही तरी मला कुठे ओळखत होतात?

ती दिसली. बाकावरचे सगळे उड्या मारताहेत, ती एकटी बसलेली, तोंडावर हात. आनंदाने अवाक झालेली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, एवढाच आधार धरून मी हे पत्र लिहू शकतोय.

आणि होताच. तो माणूस चव्वेचाळीस वर्षं खरं बोलत होता, आणि मी त्याच्यावर गाणं रचलं.

उत्तर द्या.


१४ फेब्रुवारी

जावईबापू,

उत्तर देतो. लांबलचक लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

दया नव्हती. तुम्ही कोण, मला पत्ता नव्हता. एक निळा माणूस चिखलात लोळत होता, एवढंच.

त्या दिवशी मी खेळणार होतो. डावीकडून. तीन दिवस बूट घासत होतो. क्रेनवर बसल्या बसल्या सुद्धा पायाने चेंडू अडवत होतो. धाकटी तुमच्यासाठी नव्हती आली, मला खेळताना बघायला आली होती. सकाळी तोफेने माझ्या जागी साहेबांच्या जावयाला घेतलं आणि माझ्या हातात झेंडा दिला. मी म्हटलं, “मला कडेचं काम जमत नाही.” तो सगळ्यांसमोर म्हणाला, “त्यात काय जमायचंय? नुसतं उभं राहायचं. खांबाला जमतं, तुला नाही जमणार?” सगळे हसले. धाकटीने ऐकलं.

चेंडू आत पडला तो मी पाहिला. टोपीवर पडला तोही पाहिला. झेंडा उचलत होतो, खरंच उचलत होतो. तेवढ्यात तोफ माझ्याकडे बघून ओरडला, “उचल की रे ए खांबा!” हात तिथेच थांबला. मनात आलं, खांब कुठे झेंडा उचलतो? आणि खाली घेतला. एवढंच. त्यात दुसरं काही नाही. राग होता, आणि तो त्याच क्षणी संपला. झेंडा खाली पोचेपर्यंत मला पस्तावा झाला होता. पण पंचाने शिट्टी वाजवली होती.

मग मजा बघा. सगळे म्हणाले, काय प्रामाणिक माणूस, स्वतःच्या संघाविरुद्ध गेला! मला पंच केलं. तीस वर्षं मी शिट्टी घेऊन फिरलो. कुठे वाद झाला की म्हणायचे, दादांना बोलवा, ते खोटं बोलत नाहीत. आणि मी जायचो.

आता दुसरं. हे लिहू की नको म्हणून दोन दिवस बसलो होतो. पण एकदा हात कोपराशी थांबवला, पुन्हा नको.

धाकटीला ठाऊक होतं. तोंडावर हात आनंदाने नव्हता. ती तुमच्या गोलमागे होती, टोपी तिच्यापासून चार हातांवर. तुम्हाला खांद्यावर घेऊन गर्दी निघाली तेव्हा तिने ती उचलली. संध्याकाळी घरी माझ्यापुढे ठेवली. वर चेंडूचा चिखल, गोल, वाटी उपडी ठेवावी तसा. म्हणाली, “दादा, तूही पाहिलंस आणि मीही पाहिलं.” मी म्हटलं, “फेकून दे.” ती म्हणाली, “कुणाची तरी आहे.” मग बराच वेळ नळाखाली घासत बसली. म्हणाली, “सांगायचं तर तू सांग. मी नुसती टोपी धुतली.” तिने माझ्यासाठी धुतली, जावईबापू. भाऊ उघडा पडू नये म्हणून. तुमच्याकडे घेऊन आली तेव्हा तुम्हाला सांगायलाच आली होती. पण तुम्ही त्या टोपीकडे बघून असे काही हसलात म्हणे, की तिला बोलवेना.

शेवटच्या आजारपणात तिने मला विचारलं होतं, “आता सांगू का त्यांना?” मी नको म्हणालो. तो माझा दुसरा झेंडा.

काय म्हणायचं ते म्हणा.

दादा


२ मार्च

जावईबापू,

सोळा दिवस झाले. शिव्या असतील तर त्याही चालतील. शेजाऱ्यांना फोन करवला, तर म्हणतात, दिसतात रोज, टोपी घेऊन कुठेतरी जातात.

दोन ओळी लिहा.

दादा


६ मार्च

दादा,

जिवंत आहे.

आधी खूप चिडलो होतो. तुमच्यावर नाही, तिच्यावर. गेलेल्या माणसावर चिडणं फार अवघड असतं. ते उत्तर देत नाही आणि खोलीतून जातही नाही. टोपी टेबलावर ठेवून मी तिच्याशी आठवडाभर भांडलो. माझी सगळ्यात सुंदर आठवण होती ती, दादा. दारात उभी मुलगी, हातात धुतलेली टोपी. आणि ती तर पुरावा धुऊन घेऊन आली होती!

मग एका सकाळी चहा ओतताना मला आठवलं. घरी कुणी आलं की मी ते तोफ्याचं गाणं म्हणायचो. ‘पंच विचारी, खूण दाखव’ पर्यंत आलो की ती उठायची. गॅस बघून येते म्हणायची. सदतीस वर्षं, दर खेपेला, त्याच ओळीला. मी समजायचो, हिला कवितेची गोडी नाही. पाहुण्यांना तसं सांगायचोही.  चहा ओसंडून बशीत गेला तरी मी ओततच राहिलो.

राग तिथेच गेला. तिने आपल्या दोघांना वाचवलं, आणि त्याची शिक्षा माझ्या तोंडून ऐकत राहिली.

त्या दिवशी निघालो होताचच्या दुकानाकडे. पण तीन दिवस नुसता समोरच्या फुटपाथवरून बघून परत आलो. चौथ्या दिवशी आत शिरलो. जिन्याखाली एवढीशी जागा, माणूस वाकूनच बसतो. भिंतभर घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. त्याच्या डोळ्यावर ते भिंग. मान वर न करता म्हणाला, “कुठलं आहे?”

मी म्हटलं, “घड्याळ नाही,” आणि टोपी पुढे ठेवली.

त्याने भिंग काढलं. टोपीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पाठ करून गेलो होतो काय बोलायचं ते, चांगलं घोळवून. सगळं विसरलो. म्हटलं, “तुझा गोल होता.”

“माहीत आहे की,” तो म्हणाला.

मी उभाच. तो म्हणाला, “बस. वाकून उभा राहिलास तर मान धरेल.” मग स्टुलावरची डबी उचलून त्याने मला जागा केली. म्हणाला, “मी रोज जातो त्या सिनेमाला. दुपारच्या खेळाला. सगळा नाही बघत, त्यात मला फार वाईट दाखवलंय. दारावरचा माणूस ओळखीचा आहे. नावं यायच्या आधी दोन मिनिटं आत सोडतो. अकरा सेकंदं बघतो आणि दुकानात येतो.”

“रोज?”

“रोज. रोज आत जातो तो. एकदाही चुकला नाही.”

दादा, मला हुंदका आला. तो आपला स्क्रूड्रायव्हर पुसत होता. म्हणाला, “सामना संपल्यावर तुम्ही सगळे नाचत होतात तेव्हा मी तुझ्या जाळीत रांगत होतो. ही टोपी शोधत. पंचाला दाखवायला. म्हटलं, खूण असणारच. पण कुणीतरी आधीच उचलली होती.”

मी सांगितलं कुणी. सगळंच सांगितलं, धाकटीचं, तुमचं, डोळे मिटल्याचं.  मग त्याने पुन्हा भिंग लावलं, टोपी उलटसुलट करून शिवणीपर्यंत तपासली आणि म्हणाला, “धुऊन मात्र छान काढली आहे.”

आम्ही दोघंही हसलो. का हसलो ते विचारू नका. हसता हसता मी म्हटलं, “ते गाणं...”

“माझ्या नातीला पाठ आहे,” तो म्हणाला. “मीच शिकवलं. म्हटलं, शाळेत दुसऱ्या कुणाकडून ऐकण्यापेक्षा घरातून शिकून गेलेली बरी.”

 आयुष्यभर मी शब्द जुळवत आलो. यावर एक खिळाही हाती लागत नाही.

तिथून सरेशच्या नातीकडे गेलो. तिचा चेहरा पाहवत नव्हता. म्हणाली, “मग आमचा विजय?” मी म्हटलं, “तासभर ज्यांनी गोदीला अडवलं ते अकराजण खरे होते, पोरी. तुझे आजोबा खरे होते. शेवटचं एवढं बरोबरीत सुटायला हवं होतं.” तिने बराच वेळ हाताची नखं पाहिली. मग म्हणाली, “आजोबांना कळलं असतं तर?” मी म्हटलं, “सरेश आज माझ्या आधी त्या जिन्याखाली जाऊन बसला असता. आणि चिकटला असता.”

तर १४ तारखेचा मान मी घेणार नाही. टोपी कपाटात जाणार नाही. खेळ मात्र होईल. सुरू व्हायच्या आधी मी उभा राहून सगळं सांगणार आहे, तुमचं नाव न घेता; ते सांगायचं की नाही तुम्ही ठरवा. होताच माझ्या शेजारी बसणार आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत बघीन म्हणालाय, वाईट दाखवलेलं सुद्धा.

निघताना त्याने दारातून हाक मारली. “आणि तो खांब कुठे असतो आता?” मी सांगितलं. तो म्हणाला, “त्या सकाळी मी त्याला फार टाकून बोललो. डावीकडून तोच खेळायला हवा होता. साहेबांच्या जावयाला चेंडू दिसतही नव्हता. त्याला म्हणावं, ये.”

निरोप पोचवला.

तुमचा,
गोलकीपर


१० मार्च

जावईबापू,

शुक्रवारच्या सकाळच्या बसने निघतो. गुडघ्याला पट्टा बांधलाय. सूनबाईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, आता कुठे ठरवलंत.”

माझं नाव घ्या. नाहीतर मी स्वतःच घेईन, आणि मला ऐकू कमी येतं, त्यामुळे मी ओरडतो.

टोपी सांभाळून आणा. ती धाकटीची आहे.

होताचला मध्ये बसवा. मला रांगेच्या कडेची खुर्ची धरा. रीळ लागलं की हात सरळ वर करायचा आहे, आणि या खेपेला कोपर कशाला अडायला नको.

खांब